अनगोळ ते किल्ला, पाट्या वाचत

फ्रान्समधल्या दिजाँ शहरात जुनं गाव बघायचं तर नजर पायाखाली ठेवून चालावं लागतं. पदपथाच्या फरशीत तिथं पितळेच्या लहान खुणा बसवल्या आहेत आणि त्यांच्यावर घुबड कोरलेलं आहे. एका खुणेवरून दुसरीवर जात राहिलं, की बावीस ठिकाणांची फेरी पुरी होते. बर्गंडीच्या ड्यूकांची ही मध्ययुगातली राजधानी. नोत्र-दाम चर्चच्या कडेच्या भिंतीवर एक लहानसं दगडी घुबड आहे, त्यावरून या वाटेला नाव पडलं. येणारे-जाणारे त्याला डावा हात लावतात आणि मनात काहीतरी मागतात. पिढ्यान्‌पिढ्या हात लागून त्या घुबडाचं नाक-डोळं पार झिजून गेलं आहे. सोबत वाटाड्या लागत नाही. एक पुस्तिका घ्यायची आणि आपल्या चालीनं चालायचं.

बेळगावात अशी पितळी घुबडं नाहीत. पण गल्ल्यांना नावं आहेत, आणि मला ती पितळी खुणांपेक्षा बोलकी वाटतात. कोणत्या गल्लीत कोण राहत होतं, कुठं कचेरी होती, कुठं तळं होतं, कोणत्या गावाची वाट कुठल्या वेशीतून जात होती, हे सगळं अजून पाट्यांवर लिहिलेलं आहे. तेवढं वाचत चाललं तर अनगोळातून निघालेला माणूस दुपारच्या आत तेराव्या शतकात पोचतो. ही वाट मी बऱ्याचदा चाललो आहे. कशी चालायची ते सांगतो.

आधी तयारीचं. अंतर साधारण पाच किलोमीटर. थांबत, बघत, विचारत गेलं तर साडेचार-पाच तास धरा. सकाळी सहाला निघा, कारण नऊनंतर बाजारपेठेच्या गल्ल्यांत दुचाक्या शिरल्या की मान वर करून बघायला जागा राहत नाही. पावसाळ्यात जाऊ नका. बेळगावचा पाऊस एकदा धरला की सोडत नाही. दसरा झाला की फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. पाण्याची बाटली, ओळखपत्र आणि सहज काढता-घालता येतील अशा चपला घ्या, कारण वाटेत देवळं आहेत. ओळखपत्र कशाला ते शेवटी कळेल.

सुरुवात अनगोळातच, आणि तीही हमरस्त्यावर नको. गावाच्या जुन्या भागात लोहार गल्ली आहे, कुरबर गल्ली आहे, रघुनाथ पेठ आहे. ही तीन नावं म्हणजे आजच्या वाचनाचा पहिला धडा. लोहार गल्लीला समजावून सांगायची गरज नाही. कुरबर म्हणजे कानडीत धनगर. आणि पेठ हे नाव आपोआप पडत नाही, कुणीतरी ती वसवावी लागते. म्हणजे शेत नांगरणाऱ्याला फाळ करून देणारा, शेतात मेंढरं बसवणारा आणि चार वस्तू विकणारा, हे तिघं असले की गाव उभं राहतं. अनगोळ आज महानगरपालिकेच्या हद्दीत असलं तरी त्याचं शिवार अजून पुरतं बुजलेलं नाही. अनगोळ, वडगाव, शहापूर, येळ्ळूर हा सारा बेळगाव बासमतीचा पट्टा. भात पोटरीला आलं की या बाजूच्या रस्त्यांवर सकाळी त्याचा वास येतो. दक्षिणेला बघितलंत तर येळ्ळूरच्या डोंगरावर राजहंसगड दिसेल. पण आज आपल्याला उलट्या दिशेला, उत्तरेला जायचं आहे.

इथून शहरात जायच्या दोन वाटा. एक चौथ्या रेल्वे गेटाकडून टिळकवाडीत जाणारी. रेल्वे फाटकांना नंबर देऊन पत्ता सांगायची सवय आम्हा लोकांना इतकी आहे, की 'तिसऱ्या गेटाला ये' एवढं म्हटलं तरी माणूस बरोबर येऊन उभा राहतो. त्या वाटेवर काँग्रेस रोड लागतो. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं ते इथंच, आणि गांधीजी अध्यक्ष झाले ते फक्त त्या एकाच अधिवेशनाला. हजारो माणसांना पाणी मिळावं म्हणून खणलेली काँग्रेस विहीर आणि शेजारचं वीर सौध आजही बघायला मिळतं. टिळकवाडीचं जुनं नाव ठळकवाडी, आणि ठळकवाडी हायस्कूलनं ते जपून ठेवलं आहे. ही वाट एखाद्या रविवारी वेगळी चाला. ती विसाव्या शतकाची वाट आहे. आपल्याला आज मागं, फार मागं जायचं आहे, म्हणून शहापूरवरून जाऊ.

अनगोळातून उत्तरेला येत बॅरिस्टर नाथ पै चौकात आलात, की शहापूर सुरू झालं. इथं चाल मंद करा. या प्रवासातला मला सगळ्यात आवडणारा टप्पा हाच आहे, आणि बहुतेक लोक तो वाहनावरून दोन मिनिटांत ओलांडतात.

शहापुरात एक खडे बाजार आहे. पुढं बेळगावात गेलात की तिथंही एक खडे बाजार आहे. एका शहराला दोन खडे बाजार कशाला? नवख्या माणसाचा पत्ता चुकतो तो इथंच. उत्तर पाट्यांमध्ये आहे. जरा आत वळा. सराफ गल्ली लागेल. म्हणजे सोनं-चांदी तारण ठेवून पैसा फिरवणारे होते. कचेरी गल्ली लागेल. कचेरी असल्याशिवाय कचेरी गल्ली होत नाही, आणि गावोगाव कचेरी नसते. कचेरी, सराफी आणि बाजार अशी तिन्ही नावं एका जागी सापडली, की समजायचं हे कुणाचं उपनगर नव्हतं, हे स्वतःच्या पायावर उभं असलेलं गाव होतं.

आणि ते तसंच होतं. १९४८ साली संस्थानं विलीन होईपर्यंत शहापूर हे सांगलीच्या पटवर्धनांच्या संस्थानात होतं. सांगली कुठं, शहापूर कुठं! मध्ये परका मुलूख, आणि तरी इथं अंमल सांगलीचा. शेजारचं बेळगाव मात्र १८१८ पासून इंग्रजांचं. म्हणजे शहापुरातून बेळगावात चालत गेलेला माणूस अर्ध्या तासात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात होता. कर वेगळा, कोर्ट वेगळं, अंमलदार वेगळा. आमची आज्जी अनगोळातून बाजाराला निघाली, की 'बेळगावला जाऊन येतो' म्हणायची. लहानपणी मला वाटायचं, आपण बेळगावातच राहतो की, मग बेळगावला जाऊन येतो काय? तिचं बरोबर होतं. तिच्या डोक्यात जी सीमा होती, ती आजच्या नकाशावर नसली तरी पाट्यांवर आहे.

शहापूर, वडगाव, खासबाग हा विणकरांचाही पट्टा. सकाळी सात-साडेसातला आतल्या गल्ल्यांतून चाललात, तर मागाची खटखट कानावर येईल. पूर्वी हातमाग होते, आता बहुतेक यंत्रमाग आहेत. आवाज बंद दारामागून येतो. दार ठोठावून बघू का विचारलंत तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. पण आधी विचारा. फोन काढून उभं राहू नका, ते त्यांचं राहतं घर आहे.

शहापूर संपताना कपिलेश्वराचं देऊळ येतं. बेळगावचे लोक याला दक्षिणकाशी म्हणतात. देवळाची इमारत वेळोवेळी नवी होत गेली आहे, तेव्हा जुनं कोरीव काम शोधायला जाऊ नका. जागा बघा. एका बाजूला शहापूर, दुसऱ्या बाजूला बेळगाव, आणि मध्ये महादेव आणि त्याचं तळं. दोन वस्त्यांच्या मधोमध पाणी आणि देव असले, की दोन्हीकडच्या माणसांना भेटायला जागा मिळते. अनंत चतुर्दशीला शहरातले गणपती याच तळ्यात विसर्जनाला येतात, मिरवणूक दुसरा दिवस उजाडेपर्यंत चालते. रेल्वेही इथूनच गेली आहे. कपिलेश्वराचा उड्डाणपूल चढून मध्यावर थांबा आणि मागं-पुढं बघा. आपण चाललेली वाट आणि चालायची वाट, दोन्ही एकदम दिसतात.

पूल उतरला की शनी मंदिर, पाटील गल्ली, आणि मग गल्ल्यांचं जाळं सुरू. इथून फोनमधला नकाशा खिशात ठेवा आणि माणसांना विचारा. बेळगावात वाट विचारणं ही वेळ घालवायची गोष्ट नाही, माहिती मिळवायची तीच रीत आहे. 'काका, शनिवार खूट कुठं आलं हो?' म्हणून विचारलं, तर काका वाट सांगून थांबत नाहीत. खूट म्हणजे गल्ल्या जिथं एकत्र येतात ती जागा, चौक म्हणा की. शनिवार खूट, यंदे खूट ही नावं बाहेरच्या मराठी माणसाला चमत्कारिक वाटतात. आम्हाला चौक म्हटलेलं परकं वाटतं.

रामलिंग खिंड गल्लीतून हुतात्मा चौकात या. १७ जानेवारी १९५६ रोजी बेळगाव संयुक्त महाराष्ट्रात राहावं म्हणून लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा गोळीबारात माणसं गेली. दर वर्षी १७ जानेवारीला इथं हुतात्म्यांना अभिवादन होतं. इथं चपला काढून दोन मिनिटं उभं राहा. बोलायची गरज नाही.

चौकातून जाणारा किर्लोस्कर रोड साधा बाजाराचा रस्ता दिसतो. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढं लोखंडी नांगर बनवायला सुरुवात केली. जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानात माळरान मिळवून १९१० मध्ये त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. कारखाना गेला, रस्त्याला नाव राहिलं.

मारुती गल्ली, गणपत गल्ली ही खरेदीची जागा, इथं रेंगाळू नका. नाश्ता मात्र उरकून घ्या. कुंदा खायचाच असेल तर आता थोडा घ्या आणि घरी न्यायचा तो परतीच्या वाटेवर घ्या, नाहीतर हातात पिशवी घेऊन किल्ला बघावा लागेल. मांडे मिळाले तर सोडू नका. पुरणपोळीहून पातळ, घडी घातलेला कडक मांडा लग्नसराईत घरोघरी असतो, एरवी शोधावा लागतो. पांगुळ गल्लीत अश्वत्थाम्याचं देऊळ आहे. कौरवांच्या त्या शापित सेनापतीची पूजा होते अशी जागा सहसा आढळत नाही, वाट वाकडी करून बघून या.

आता बेळगावच्या खडे बाजाराच्या आसपासच्या पाट्या लक्ष देऊन वाचा. कोतवाल गल्ली. दरबार गल्ली. खंजर गल्ली. जरा लांब रिसालदार गल्ली. शहापुरातल्या नावांशी ताडून बघा. तिथं सराफ आणि कचेरी, इथं कोतवाल, दरबार, खंजर, रिसालदार. ही फौजेची आणि अंमलदारांची भाषा आहे. जवळ किल्ला आहे, तिथं शिबंदी आहे, तिच्या आधारानं वस्ती वाढली आहे, हे किल्ला दिसायच्या आधीच कळतं. रिसालदार गल्लीला आणखी एक आठवण आहे. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावात आले, तेव्हा आधी याच गल्लीत वकील सदाशिवराव भाटे यांच्या घरी उतरले आणि मग किल्ल्यात हरिपद मित्र या वनाधिकाऱ्यांकडे राहिले. त्यांना शिकागोला जायला अजून वर्षभर अवकाश होता.

टेंगिनकेरा गल्ली शोधून काढा. टेंगिन म्हणजे नारळ आणि केरे म्हणजे तळं. गल्लीत उभं राहून तळं कुठं दिसतं का बघा. नाव मात्र पाण्याचं आहे. जुन्या शहरात पाणी कुठं होतं ते शोधायचं असेल तर विहिरी मोजत बसू नका, आधी नावं गोळा करा. आणि काकतीवेस. वेस म्हणजे गावाचं दार, तिथून पुढची वाट काकतीची. काकती हे कित्तूरच्या राणी चन्नम्मांचं जन्मगाव. आज काकतीवेशीत दार नाही, दिंडी नाही, पण गाव कुठं संपत होतं ते त्या नावानं धरून ठेवलं आहे. माझी मनापासूनची इच्छा आहे, की अशा प्रत्येक पाटीखाली दोन ओळी लिहिल्या जाव्यात, मराठीत आणि कानडीत. दिजाँनं पितळेवर खर्च केला. आपल्याकडं नावं फुकट आहेत, नुसती बोलकी करायची आहेत.

इथून पूर्वेला, मध्यवर्ती बसस्थानकाच्या अंगानं, किल्ल्याकडं निघा. बेळगावची मांडणी आता नीट ध्यानात येईल. पूर्वेला किल्ला, पश्चिमेला कॅम्प, मध्ये गाव. कॅम्प इंग्रजांनी वसवला, तो सगळ्यात तरुण. किल्ला आणि पेठ यांच्यामध्ये मात्र जागा सुटलेली आहे. भुईकोटाला डोंगराचा आधार नसतो. त्यामुळं तटासमोर मैदान मोकळं ठेवावं लागतं. घरं तटाला टेकली तर शत्रूला आडोसा मिळतो. फ्रान्समधल्या कारकासोनलाही असंच आहे. दुहेरी तट आणि ५२ बुरूज असलेला कोट एका काठाला, आणि तेराव्या शतकात वसवलेली व्यापारी पेठ ओद नदीच्या पलीकडं. तिथं मध्ये नदी आहे, इथं किल्ला तलाव आणि खंदक आहे.

दारापाशी आधी खंदकाच्या काठाशी उभं राहा. त्याची रुंदी डोळ्यांनी मोजा, मग तटाची उंची बघा. खंदकातली माती-दगड काढायचा आणि तोच आत टाकून तट उंच करायचा, ही भुईकोटाची जुनी युक्ती. एका कष्टात दोन कामं होतात. दाराशी गणपती आणि दुर्गादेवी आहेत. दुर्ग राखणारी ती दुर्गा. आत शिरताना वाट सरळ जाते की वळते तेही बघा. हत्तीला धावत येऊन दाराला धडक देता येऊ नये म्हणून वाट वळवलेली असते.

आत गेल्यावर लगेच कळतं की हा ओस किल्ला नाही. लष्कराची ठाणी आहेत, सरकारी इमारती आहेत, रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. म्हणून ओळखपत्र. कुठं थांबवलं तर दाखवा, जिथं मनाई आहे तिथं फोटो काढू नका, आणि सरळ कमल बसदीकडं चला.

सौंदत्तीच्या रट्ट राजांनी आपली राजधानी वेणुग्रामला आणली. वेणुग्राम म्हणजे वेळूचं गाव, तेच आपलं बेळगाव. चौथा कार्तवीर्य राज्य करत असताना त्याचा मंत्री बिचिराज यानं १२०४ साली हे जिनालय उभारलं. तेव्हाचा शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. देवळाच्या खर्चासाठी कुणी काय द्यायचं ते त्यात नोंदलेलं आहे, आणि देणाऱ्यांमध्ये स्थानिक व्यापाऱ्यांबरोबर लाट म्हणजे गुजरात आणि मलयाळ म्हणजे केरळ इथले व्यापारीही आहेत. आठशे वर्षांपूर्वी या पेठेत मलबारचा माणूस दुकान मांडून होता. खडे बाजारातून आत्ताच आलात ना, तिथली गर्दी त्याच्या नजरेनं आठवून बघा.

आत गेल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. घाई केली तर काहीच दिसत नाही. मग खांब बघा. काळसर, गुळगुळीत, गोल कडी एकावर एक चढवल्यासारखे. मऊ दगड चरकावर फिरवून, कातून असे खांब घडवायची ही चालुक्य काळातली रीत. एका खांबावर तळहात ठेवा, त्याच्या कडा कशा सारख्या उतरल्या आहेत ते हाताला कळतं. आता मान वर करा. छतातून दगडी कमळ खाली उमललं आहे. त्याला बहात्तर पाकळ्या. चोवीस तीर्थंकर भूतकाळाचे, चोवीस वर्तमानाचे, चोवीस भविष्याचे. मान दुखेपर्यंत बघा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा खाली फरशीवर उताणा पडायची परवानगी मागितली होती. पुजाऱ्यांनी हसून दिली. तुम्हीही मागून बघा. गाभाऱ्यात काळ्या पाषाणाची नेमिनाथांची मूर्ती आहे. बाहेर आल्यावर शेजारची दुसरी, लहान बसदी बघायला विसरू नका. तिच्यातला देव गेला, पण भिंतीवरचं काम राहिलं आहे.

इथून सफा मशीद लांब नाही. १४७२ च्या सुमारास बहामनी वजीर महमूद गवाननं बेळगाव घेतलं, पुढं ते विजापूरच्या आदिलशाहीकडं गेलं. आदिलशाही सरदार असदखान लारी याचं हे ठाणं. मशीद त्याच्याच काळातली, १५१९ सालची. आत जायला मिळालं तर मिनार बघून परतू नका, खांबांपाशी जा. त्यातले दोन खांब आधीच्या इमारतींतून आलेले आहेत आणि त्यांच्यावर कानडी लेख आहेत. एक ११९९ सालचा, चौथ्या कार्तवीर्याचा. दुसरा १२६१ सालचा, देवगिरीच्या यादव कृष्णाचा. बसदीत ज्याच्या मंत्र्याचं काम बघून आलात, त्याच राजाचा लेख इथं छत तोलून उभा आहे. नमाजाची वेळ असेल तर बाहेर थांबा, ती झाल्यावर विचारा.

परत निघताना तटाच्या आतून चालत दारापर्यंत या. १८१८ च्या मार्च-एप्रिलमध्ये जनरल मन्रोनं याच तटाला वेढा घातला. एकवीस दिवसांनी, १० एप्रिलला, पेशव्यांच्या शिबंदीनं किल्ला दिला. सकाळी शहापुरात जी सीमा आपण ओलांडली, ती त्या दिवसानंतरची.

आता पाय बोलायला लागले असतील. किल्ल्याच्या दारातून बसस्थानक दहा-बारा मिनिटांवर आहे. कुंदा राहिला असेल तर तो वाटेत घ्या. शहर बसच्या फलाटावर जाऊन पाट्या वाचत उभं राहा, आता ती सवय लागलेलीच आहे. अनगोळची बस लवकर भरते, तेव्हा लागली की लगेच चढा आणि खिडकीची जागा धरा.